पिशवीची मागची बाजू

परदेशात, मिल्टनला मुलाच्या घरी आल्यावर मंदाकिनीबाईंना पहिलं ओळखीचं कुणी भेटलं, ते गॅरेजमध्ये.

ऑक्टोबर सरत आला होता. मेपलची पानं तांबडीलाल होऊन रस्त्याच्या कडेला गोळा झाली होती, आणि एकसारख्या घरांच्या त्या नव्या वस्तीत भर दुपारी चिटपाखरू दिसत नव्हतं. मुलगा स्वानंद ऑफिसला, सून देवयानी वरच्या खोलीत मीटिंगमध्ये, नात ऊर्मी शाळेत. मंदाकिनीबाई झाडू शोधत गॅरेजमध्ये गेल्या. तिथं हिवाळ्याचे टायर एकावर एक रचलेले, आणि त्यांच्या आडोशाला एक भलीथोरली पिशवी, तोंडाला कपड्यांचे दोन चिमटे लावलेली. पिशवीवर एका कुत्र्याचं हसतं तोंड. त्यांनी ती उगाच वळवून पाहिली. मागे, खालच्या कोपऱ्यात, एक छोटी चौकट होती.

क्रूड प्रोटीन. क्रूड फॅट. क्रूड फायबर. मॉइश्चर.

मंदाकिनीबाईंनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. इंग्रजी त्यांचं बेताचं. विमानतळावरच्या पाट्या त्यांनी एकेक अक्षर लावत वाचल्या होत्या, आणि इथली शेजारीण काही बोलली की त्या नुसत्या हसून मान हलवत. पण हे चार शब्द त्यांनी आयुष्यात किती हजार वेळा लिहिले असतील, त्याला गणती नव्हती. समुद्रापलीकडच्या मुलखात आपल्या गावची चार माणसं एका ओळीत उभी दिसावीत, तसं झालं त्यांना.

"आई, त्याला हात नका लावू हं," देवयानी दारातून म्हणाली. "हाताला वास लागतो."

"अगं, ही तर पेंड आहे!"

"पेंड कसली? डॉग फूड आहे ते."

"तेच. मुक्या जनावराची पेंड," मंदाकिनीबाई म्हणाल्या, आणि आल्यापासून पहिल्यांदा मोकळं हसल्या.

कऱ्हाडच्या अलीकडे, कृष्णेच्या काठाला, दूध संघाचा पशुखाद्य कारखाना होता. बारावी झालेली मंदाकिनी बाविसाव्या वर्षी तिथल्या तपासणीच्या खोलीत मदतनीस म्हणून लागली, आणि एकतीस वर्षांनी बाहेर पडली ती त्या खोलीची प्रमुख होऊन. काम साधं होतं म्हटलं तर साधं. सरकीची पेंड आली, भाताचा कोंडा आला, मक्याचा भरडा आला, की ट्रकवर चढायचं, पोत्यात पोकळ टोकदार नळी खुपसायची, वरचा, मधला, तळाचा असा नमुना काढायचा. हातावर चोळायचा, हुंगायचा, पाण्यात टाकून काय तरंगतं आणि काय बसतं ते बघायचं. मग भट्टी, काचेची भांडी, आणि शेवटी वहीत ते चार आकडे आणि खाली सही. सही झाल्याशिवाय पोतं शिवायचं नाही.

एकदा कोंड्याचे तीन ट्रक आले. तिने मूठभर कोंडा पाण्यात टाकला, तर तळाला वाळूचा थर बसला. वरचे साहेब म्हणाले, "शेटेबाई, गाय काय तक्रार करायला येणार आहे का? करा सही." मंदाकिनीने पेनाचं टोपण लावलं आणि पेन कनवटीला खोचलं. दिवसभर ट्रक उन्हात उभे राहिले. संध्याकाळी माघारी गेले. त्या दिवसापासून कारखान्यात तिला सगळे चाळणबाई म्हणू लागले. चेष्टेने सुरू झालेलं ते नाव हळूहळू चेष्टेचं राहिलं नाही. "चाळणबाईने पास केली का? मग द्या मला दोन पोती," असं गवळी बोलायचे, आणि ते तिच्या कानावर यायचं.

असं सगळं बरोबर घेऊन मंदाकिनीबाई मिल्टनला आल्या होत्या. फक्त इथं ते कुणाला दाखवायचं, हे त्यांना माहीत नव्हतं.

घरातली कुत्री मातकट रंगाची, एक कान उभा, एक पडलेला. बेवारशी कुत्री सांभाळणाऱ्या एका संस्थेतून वर्षापूर्वी आणलेली. ऊर्मीने नाव ठेवलं होतं बिस्किट. मंदाकिनीबाईंच्या तोंडी ते बिस्कुट झालं, आणि बिस्किटचं त्याला काही म्हणणं नव्हतं, कारण हाक आली की पाठोपाठ पोळी येई. तव्यावरची पहिली पोळी कुत्र्याची, हे मंदाकिनीबाईंच्या सासूने त्यांना लावून दिलं होतं आणि सासूला तिच्या सासूने. पोळी टम्म फुगली की तवा खाली, फुंकर मारून निववायची, चार तुकडे करायचे, मग घरातल्यांची पानं. रोज सव्वासहाला बिस्किट चुलीशी, म्हणजे इथल्या त्या काचेच्या शेगडीशी, येऊन बसे.

जानेवारीत तिला खाज सुटली. आधी पंजे चाटायची. मग कानामागे खरडून खरडून लाल केलं. पोटाखालचे केस गेले. फेब्रुवारी लागता लागता पंजांच्या बोटांतून रक्त यायला लागलं, आणि बेसमेंटच्या फिक्या गालिच्यावर तांबूस ठसे उमटले. चाटू नये म्हणून तिच्या गळ्यात प्लास्टिकचं मोठं नरसाळं आलं. ते दाराच्या चौकटीला अडकायचं, आणि ऊर्मी रडायची.

डॉक्टर ढिल्लों नावाच्या पंजाबी डॉक्टरीणबाईंनी कातडी तपासली, किडे नाहीत, बुरशी नाही याची खात्री केली, आणि म्हणाल्या, "खाने की एलर्जी लगती है. अब तक चिकन ही चिकन खाया है इसने. पहले वो बंद. आठ हफ्ते सिर्फ मछली वाला खाना. और कुछ नहीं. एक टुकडा भी नहीं." दवाखान्यात त्यांची स्वतःची पिशवी होती, पण स्वानंद म्हणाला, मासळीवालं दुकानात मिळतं, तेच आणतो.

नवी पिशवी आली. त्यावर पाण्यातून उडी घेणारा मासा, आणि हातभर अक्षरांत त्याचं नाव, सामन. स्वानंदने ती गॅरेजमध्ये उभी केली आणि म्हणाला, "आई, बघ गं, तुझ्या खात्यातलं आहे."

मंदाकिनीबाईंनी पिशवी वळवली. प्रोटीन सव्वीस. फॅट पंधरा. फायबर चारच्या आत, ओलावा दहाच्या आत. मूठभर गोळ्या हातावर घेऊन त्यांनी एक मोडली. कट्‌कन मोडली, पीठ झालं नाही.

"चोख आहे," त्या म्हणाल्या. "पास."

आणि पोळी बंद झाली. सव्वासहाला बिस्किट यायची, बसायची, बघायची. मंदाकिनीबाई तिच्याकडे पाठ करून पोळ्या लाटायच्या. पहिली पोळी आता बाहेर अंगणातल्या बर्फावर, खारींसाठी जायची.

चार आठवडे गेले. पाचवा लागला. खाज तसूभर कमी झाली नाही.

मार्चच्या मध्यावर एका शनिवारी, जेवणाच्या टेबलाशी स्वानंद बोलला. "देवू, असं नाही चालणार. तीन वेळा दवाखाना झाला. बिचारीचे हाल बघवत नाहीत, आणि आपल्याला काही जमत नाहीये. संस्थेतल्या बाईशी बोललो मी. ग्वेल्फच्या बाजूला एक बाई आहे, शेत आहे तिचं, अशी आजारी कुत्री ठेवते. शाळेला उन्हाळ्याची सुट्टी लागेपर्यंत बघू. नाहीतर तिथं देऊ."

टेबलाखालून ऊर्मीचा आवाज आला. ती बिस्किटचं नरसाळं मांडीवर घेऊन बसली होती. "यू कान्ट गिव्ह हर बॅक, बाबा. शी इज नॉट अ लायब्ररी बुक."

मग स्वानंदने पोळ्यांच्या डब्याकडे पाहिलं आणि जरा चाचरत विचारलं, "आई, रागावू नकोस. खरं सांग. तू अजून देतेस का तिला पोळी?"

मंदाकिनीबाईंनी हातातला चमचा ताटात ठेवला.

"तीन ट्रक दिवसभर उन्हात उभे होते स्वानंदा, तेव्हा तू चौथीत होतास. दारात येऊन लोक तुझ्या बापाला समजावत होते, बायकोला जरा सांगा म्हणून. मी एकदा नाही म्हटलं, की त्या नाहीला मागचं दार नसतं."

"अगं, मी सहज—"

"सहज विचारलंस, सहज सांगितलं. जेव."

पण त्यांना स्वतःला जेवण गेलं नाही. पोळीवर आलेला आळ त्यांच्या मनाला लागला होता, आणि त्याहून जास्त लागलं होतं ते टेबलाखालचं मुसमुसणं.

कारखान्यात एखादा शेतकरी तक्रार घेऊन यायचा, पेंड बदलल्यापासून म्हैस दूध चोरते म्हणायचा. बाकीचे त्याच्याशी हुज्जत घालायचे. मंदाकिनीबाई कधी घालत नसत. त्यांचा एकच रिवाज होता. पोतं परत उघडायचं.

दोन दिवसांनी ऊर्मीला मार्चची आठवडाभराची सुट्टी लागली. सकाळचं कोवळं ऊन गॅरेजच्या दाराखालून आत आलं होतं. मंदाकिनीबाईंनी पिशवीतल्या गोळ्या डब्यात ओतून घेतल्या, कात्रीने पिशवीची मागची बाजू उभी कापली आणि तो कागद स्वयंपाकघराच्या ओट्यावर पसरला. वर पोळपाट ठेवला, वळू नये म्हणून.

"ये गं ऊर्मे. ह्या चौकटीच्या वर मुंगीएवढ्या अक्षरात काय लिहिलंय, ते मला वाचून दाखव. हळू."

"दॅट्स जस्ट इन्ग्रिडियंट्स, आजी."

"म्हणजे त्यात काय काय घातलंय ते. वाच."

ऊर्मीने बोट ठेवलं. "सामन. चिकन मील. पीज. स्वीट पोटॅटो. पी स्टार्च. चिकन फॅट. पी प्रोटीन—"

"थांब. दुसरं काय म्हणालीस?"

"चिकन मील."

"आणि चरबी कुणाची?"

"चिकन." ऊर्मीचं बोट कागदावरच थांबलं. तिने आजीकडे पाहिलं. "आजी. इट्स चिकन! इट्स द फिश बॅग अँड इट्स फुल ऑफ चिकन!"

मंदाकिनीबाई खुर्चीवर बसल्या. त्यांचा चेहरा तापला होता. एकतीस वर्षांत त्यांनी पोत्यावरची चौकट वाचली, आकडे वाचले, वाळू शोधली, कोंडा शोधला. गाईच्या पेंडीत कोण जनावर घातलंय, हा प्रश्न त्यांच्या धंद्यात उठलाच नव्हता. आकडे चोख दिसले आणि त्यांनी मान डोलावली. आकड्यांच्या वर चार बोटांवर कोंबडी बसली होती, आणि चाळणबाईच्या चाळणीतून ती अख्खीच्या अख्खी निसटली होती.

"वही आण," त्या म्हणाल्या. "सगळं लिहून घेऊ. एक शब्द सोडायचा नाही."

त्या दिवशी संध्याकाळी स्वानंद आला, तर ओट्यावर तराजू. देवयानी डाएटसाठी आणलेल्या त्या छोट्या तराजूवर कधी काही मोजत नसे. आता त्यावर मेथीचा डोंगर होता.

"आज काय प्रयोगशाळा का?" स्वानंद म्हणाला.

"बस. पिशवीत कोंबडी आहे. दुसऱ्या नंबरवर."

त्याने कागद पाहिला, वाचला. "हो की! पण आई, पहिला मासाच आहे ना? जास्त तोच असणार."

"तू ऑफिसात काय करतोस?"

"म्हणजे? टेस्टिंग. सॉफ्टवेअरचं."

"मीही तेच केलं, धुरळ्यात उभं राहून. आता बघ. यादी लावतात ती वजनाने. जे जड, ते आधी. पण वजन केव्हाचं? शिजवायच्या आधीचं. ही मेथी आत्ता केवढी दिसते? जुडीच्या जुडी." त्यांनी शेगडीवरच्या कढईचं झाकण काढलं. तळाला हिरवागार गोळा होता, वाटीभर. "ही पण तेवढीच होती मघाशी. पाणी गेलं. मासा म्हणजे ही कच्ची मेथी. ओला घातला, पाण्याने जड, म्हणून पहिला बसला. आणि मील म्हणजे आधीच पाणी काढून, वाळवून दळलेलं. ही कढईतली मेथी. ती दुसऱ्या नंबरवर आहे म्हणजे किती आहे, तूच हिशेब कर. शिजल्यावर मासा खाली घसरणार, आणि कोंबडी वर जाणार."

स्वानंद कढईकडे बघत राहिला.

"आणि पिशवी पास मी केली होती," मंदाकिनीबाई म्हणाल्या. आवाज जराही न पाडता म्हणाल्या. "चौकट वाचली, यादी वाचली नाही. पाच आठवडे तिने जे खाजवलं ते माझ्या सहीवर."

"आई, तुमची कसली चूक?" देवयानी पुढे झाली. "गेल्या आठवड्यात मार्शमॅलोच्या पाकिटावर जिलेटिन आहे का बघायला मी दुकानात दहा मिनिटं उभी होते. चीज घेताना वाचते, बिस्किटं घेताना वाचते. ह्या शाकाहारी घरात मागची बाजू वाचल्याशिवाय काही येत नाही. फक्त ही पिशवी... हिच्यात मांस म्हणून मी तोंड फिरवून, श्वास रोखून ओतते. वाचणार कोण?"

"सो, एव्हरीबडी इज गिल्टी," ऊर्मी म्हणाली. "एक्सेप्ट पोळी."

बुधवारी देवयानीबरोबर दवाखान्यात मंदाकिनीबाई स्वतः गेल्या. स्वेटरवर कोट, कोटाखाली साडी, पायात सुनेचे बूट, आणि काखेत गुंडाळी केलेला पिशवीचा कागद.

"डॉक्टरसाब, ये देखो," त्या टेबलावर कागद पसरत म्हणाल्या. "आगे मछली, पीछे मुर्गी."

ढिल्लों डॉक्टर हसल्या, मग वाकून वाचू लागल्या आणि हसायच्या थांबल्या. "ओहो. मैंने इनको बोला था, लेबल देख लेना."

"देखा ना. सामने से देखा. और मटर देखो. मटर, मटर का स्टार्च, मटर का प्रोटीन, मटर का फायबर. चार जगह बिठाया है, छोटा-छोटा करके. सब मटर एक जगह जमा करो, तो मछली के ऊपर जायेगा. हमारे उधर कोंडा ऐसे ही लिखते थे, चार नाम से."

"आंटीजी, खुजली मटर से नहीं होगी शायद. पर बात आपने बिलकुल सही पकडी." डॉक्टरीणबाईंनी चष्मा कपाळावर सरकवला. "आप क्या करती थीं इंडिया में?"

"गाय का खाना पास करती थी," मंदाकिनीबाई म्हणाल्या. "और फेल भी."

मग डॉक्टरांनी समजावलं. पाच आठवडे फुकट गेले, घड्याळ परत शून्यावर. आठ आठवडे पहिल्यापासून. या वेळी दवाखान्यातलीच पिशवी न्या, कारण दुकानातल्या मालात यादीत नसलेलं काही चुकून मिसळलेलं असू शकतं. त्यांनी पिशवी आणून समोर ठेवली. मंदाकिनीबाईंनी ती उलटी केली.

"पहले पढने दो."

बाहेर मांजराची पेटी मांडीवर घेतलेला एक धिप्पाड गोरा माणूस आपल्या पाळीची वाट बघत होता. त्याला वाट बघू दिली. देवयानी एकेक शब्द वाचत गेली, मंदाकिनीबाई वहीत लिहीत गेल्या. एकच मासा, ओलाही तोच आणि वाळलेलाही तोच. बटाटा. तेल. मग मीठ, खनिजं, जीवनसत्त्वं, ज्यांची नावं मंदाकिनीबाईंना देवयानीच्या आधी ओळखू येत होती. "झिंक. हो. कॉपर. हो. पुढं." शेवटचा शब्द संपल्यावर त्यांनी वही मिटली.

"पास," त्या म्हणाल्या. डॉक्टरीणबाईंनी हात जोडले, आणि त्यात थट्टा नव्हती.

घरी आल्यावर चाळण खऱ्या अर्थाने फिरली. बिस्किटच्या तोंडात जे जे जातं ते सगळं ओट्यावर आणा, असा हुकूम सुटला. ऊर्मीच्या बरणीत भोपळ्याच्या चित्राचे छोटे तुकडे होते, शाबासकी म्हणून द्यायचे. वाचले तर भोपळा चौथा, कोंबडीचं काळीज दुसरं. दात घासायच्या कांड्या होत्या, त्यांत नुसतं 'पोल्ट्री' म्हणून लिहिलेलं, कुठला पक्षी ते सांगायचीही लाज. ऊर्मीने स्वतःच्या हाताने बरणी रिकामी केली. "आय वॉज गिव्हिंग हर फाइव्ह अ डे," ती हळूच म्हणाली. मंदाकिनीबाईंनी तिचं डोकं पोटाशी धरलं. "मी सव्वीस आकडा बघून भुलले, तू भोपळा बघून. चल, पुसून टाक."

स्वानंद एवढंच म्हणाला, "आई, आठ आठवडे म्हणजे मेचा मध्य. चालेल. पण हे शेवटचं हं." आणि मंदाकिनीबाई म्हणाल्या, "बरं."

एप्रिलमध्ये बर्फ वितळून अंगणाच्या कडेला राखी चिखल झाला. वहीच्या एका पानावर ऊर्मीने रोजची खाज मांडायला सुरुवात केली होती. खूप, मध्यम, कमी. आजीने शिकवलं तसं, वाटलं ते लिहायचं नाही, दिसलं ते लिहायचं. तीन आठवडे सगळीकडे 'खूप' होतं. देवयानी ते पान बघायचं टाळायची. चौथ्या आठवड्यात मधूनच एक 'मध्यम' आलं, आणि ऊर्मीने ते दोनदा गिरवलं.

पाचव्या आठवड्यात मंदाकिनीबाई बिस्किटला उताणी पाडून पोट बघत होत्या. उघड्या गुलाबी कातडीवर उजेड तिरपा पडला होता. त्या ओरडल्या, "देवयानी! अगं मिसरूड फुटलं हिला!"

बारीक, मऊ, मातकट लव. ऊर्मीही धावत आली, आणि तिघी जमिनीवर बसून ती बघत राहिल्या. देवयानी, जी गॅरेजमध्ये श्वास रोखून जायची, तिने नकळत हात पुढे करून बिस्किटच्या पोटावरून फिरवला.

मेच्या मध्यावर नरसाळं निघालं. पंजे कोरडे. कानामागे केस. पण डॉक्टर म्हणाल्या, अजून एक परीक्षा बाकी आहे. थोडे दिवस जुनं खाणं परत द्या. खाज परत आली तर चोर पकडला. स्वानंदचा जीव होईना. "पुन्हा तेच कशाला?" तो म्हणाला.

"नमुना दोनदा तपासायचा असतो," मंदाकिनीबाई म्हणाल्या. "एकदा आलं ते नशीब असू शकतं."

डब्यात राहिलेल्या जुन्या गोळ्या काढल्या. चौथ्या दिवशी सकाळी जिन्यात ते ओळखीचं खरडणं ऐकू आलं. स्वानंदने तो डबा उचलला, चपलाही न घालता बाहेर गेला आणि कचऱ्याच्या पेटीत रिकामा केला. परत आला तेव्हा फोन हातात होता.

"ग्वेल्फच्या बाईला सांगितलं," तो म्हणाला. "म्हटलं, कुत्री आमची आम्हालाच पाहिजे." मग जरा थांबून, आईकडे न बघता म्हणाला, "म्हटलं, आमच्या घरात तपासनीस आहे."

मंदाकिनीबाई कणीक मळत होत्या. त्यांनी नुसतं "हं" केलं. पण कणीक त्या दिवशी जरुरीपेक्षा जास्त मळली गेली.

खाज उतरल्यावर नेहमीसाठी कुठलं खाणं घ्यायचं, ते ठरवायला सासू-सुना दुकानात गेल्या. छतापर्यंत पिशव्या. उड्या मारणारे मासे, धावणारी हरणं, हिरवी शेतं. देवयानी चित्रांकडे न बघता सरळ एकेक पिशवी उलटी करत चालली. एका डब्यापाशी ती थबकली. "आई, हे बघा, एकच मासा आहे. पण प्रोटीन नऊच? पिशवीत तर सव्वीस असतं."

"ओलावा वाच."

"अठ्ठ्याहत्तर."

"मग शंभरातलं अठ्ठ्याहत्तर पाणी. राहिलं बावीस. त्या बावीसमधलं नऊ म्हणजे शेकडा चाळीस. हिरवा चारा आणि वाळकी वैरण एका तराजूत घालायची असली, की आधी पाणी बाजूला काढायचं." देवयानीने फोन काढून गणित ताडलं. चाळीस पूर्णांक नऊ दशांश. तिने सासूकडे बघितलं, तर त्या पुढच्या फळीवर पोचल्याही होत्या.

जूनमध्ये डॉक्टरांनी सांगितलं, आता एकेक पदार्थ वाढवून बघा, प्रत्येक दोन आठवडे. आधी काय द्यायचं ते तुम्ही ठरवा.

"पोळी," ऊर्मी म्हणाली. कुणाला विचारलं नव्हतं तरी.

त्या संध्याकाळी सव्वासहाला तवा तापला. पहिली पोळी टम्म फुगली. मंदाकिनीबाईंनी ती ताटलीत घेतली, फुंकर मारली, चार तुकडे केले. बिस्किट आपल्या जुन्या जागी येऊन बसली होती. चार महिने ती जागा तिने सोडलीच नव्हती म्हणा ना. तुकडा हातावरून उचलताना तिने दात लागू दिले नाहीत.

चौदा दिवस ऊर्मीने पान भरलं. दहा वेळा 'कमी' लिहून तिला कंटाळा आला, तेव्हा तिने 'काहीच नाही' असं एक नवं खातं काढलं.

पंधराव्या दिवशी, शाळेच्या शेवटच्या दिवसाचं दप्तर कोपऱ्यात भिरकावून तिने वही आजीपुढे ठेवली. "आजी, साइन कर. नाहीतर डझन्ट काउंट."

मंदाकिनीबाईंनी चष्मा लावला. पान वरपासून खालपर्यंत वाचलं, एकही ओळ न सोडता. मग मागचं पान उलटून तेही वाचलं. खाली जागा सोडून लिहिलं: गव्हाची पोळी, तव्यावरची पहिली. पास. आणि त्याखाली, कारखान्याच्या वहीत करत तशी, पूर्ण, लपेटदार सही. मंदाकिनी शेटे.

तव्यावरची पहिली पोळी ताटलीत निवत होती, आणि स्वानंद मागे उभा राहून बघत होता. "आई," तो म्हणाला, "दुसरी पोळी मला दे. गरम आहे तोवर."

"थांब जरा," मंदाकिनीबाई म्हणाल्या. "तिची निवू दे आधी."